पोर्ट आणि ‘मुरलेली’ हा शब्द

नाताळात आंबिवलीतील काही घरांत पाहुण्यांपुढे गोव्याची ‘पोर्ट वाइन’ येते. तिच्या गोडीला आमचा विरोध नाही. आक्षेप आहे तो ‘गोड, कडक’ या दोन शब्दांत रसग्रहण आटोपण्याला. पोर्तुगालच्या दौरो खोऱ्यातील व्हिंटेज पोर्ट निराळी. १७५६ साली त्या प्रदेशाच्या सीमा आखल्या गेल्या. एकाच हंगामाच्या द्राक्षांची ही वाइन दोन-तीन वर्षे पिंपात आणि पुढे कित्येक दशके बाटलीत राहते. गाळ तळाशी बसतो, तुरटपणा निवळतो, लालीवर विटकरी छटा चढते. ताज्या फळांच्या गंधाजागी मनुका, सुके अंजीर, अक्रोड जाणवतात. लोणच्याला ‘मुरलेले’ म्हणणाऱ्या भाषेने येथे उसने शब्द का घ्यावेत? नेमका शब्द शोधणारी जीभ पेला घाईने रिकामा करीत नाही. संयमाचा आरंभही, आमच्या मते, तेथेच होतो.