क्रोमॅटिक हार्मोनिका : नादगुण आणि वादनशैली

क्रोमॅटिक हार्मोनिकेच्या निवडीविषयीची चर्चा बहुधा तिचा सांगाडा लाकडी असावा, प्लास्टिकचा की धातूचा, याच प्रश्नाभोवती घोटाळत राहते. नादाचे माधुर्य जणू त्या द्रव्यातच साठविलेले असते, असे या चर्चेत गृहीत धरलेले दिसते. हे गृहीतक पारखून घेणे अगत्याचे आहे. लाकूड ओलाव्याने फुगते, क्वचित तडकते; प्लास्टिकचे तसे होत नाही. पण हा भेद टिकाऊपणाचा झाला. नादाच्या दृष्टीने वारा कोठे गळतो काय, हा प्रश्न अधिक मोलाचा.

१२ छिद्रांच्या वाद्यात ४८ पत्त्या असतात : प्रत्येक छिद्रात फुंकरीचा एक स्वर, ओढीचा एक, आणि बाजूची कळ दाबली असता त्या दोहोंची अर्धस्वराने चढलेली रूपे. न वाजणाऱ्या पत्तीतून वारा निसटू नये म्हणून बहुतेक पत्त्यांवर पातळ झडपा बसविलेल्या असतात. याचे मोलही द्यावे लागते. बिनकळीच्या साध्या हार्मोनिकेत छिद्रातील दोन्ही पत्त्या मिळून स्वर खाली वाकवितात. येथे तो भार एकाच पत्तीवर पडतो.

खरे मर्म स्वरांच्या मांडणीत आहे. 'सी' हा षड्ज मानला तर फुंकरीत सा, ग, प, सां आणि ओढीत रे, म, ध, नी मिळतात. साहजिकच साध्या आरोहातही श्वासाची दिशा पुनःपुन्हा पालटते आणि नाद क्षणमात्र तुटतो. परंतु गंधाराच्या छिद्रात कळ दाबून फुंकल्यास मध्यमच निघतो. निषादाच्या छिद्रात कळ दाबून ओढल्यास तार षड्ज. म्हणजे ग-म-प एका फुंकरीत आणि ध-नी-सां एका ओढीत साधतात. एकाच स्वराची ही दोन रूपे पाहून स्वनिमाच्या परिसरनिष्ठ रूपांचे स्मरण व्हावे. फरक इतकाच, की येथे निवड वक्त्याच्या हाती आहे.

या निवडीतूनच शैली घडते. टॉमी रायली (१९१९–२०००) हा मुळात व्हायोलिन शिकलेला, हायफेट्झला आदर्श मानणारा. त्याच्या वादनातील अखंड ओळ श्वासाच्या अशाच काटेकोर नियोजनावर उभी आहे. लिटल वॉल्टर (१९३०–१९६८) याने नेमकी उलट वाट धरली. रे हाच आधारस्वर मानून त्याने ओढीतील रे-म-ध या स्वरसमूहाला ब्लूजचा रंग दिला. मधली तीन छिद्रे जिभेने झाकून दोन टोकांचे रे एकदम वाजविले, की सप्तकाच्या अंतराचा तो भारदस्त जोडनाद उमटतो. वाद्याची घडण एक, व्याकरणे मात्र दोन! रचनाकारांनीही या वाद्याची दखल घेतली. लॅरी ॲडलरसाठी (१९१४–२००१) व्हॉन विल्यम्सने १९५१ मध्ये 'रोमान्स' रचला, तर माल्कम आर्नल्डने १९५४ मध्ये कंचेर्टो.

टूट्स थीलमान्सच्या (१९२२–२०१६) नावाने होनर कंपनीने दोन जातींची वाद्ये काढली, एक कणखर नादाचे, दुसरे मृदू. तथापि त्याच्या ध्वनिमुद्रिकांत ओळख पटते ती स्वराच्या आरंभीच्या मऊपणाने, आणि तो मुखपोकळीत घडतो. 'ई'च्या उच्चाराप्रमाणे जीभ उचलली की नाद किरटा होतो, 'ओ'च्या ठेवणीत तो भरतो. दुकानात हे वाद्यासोबत मिळत नाही. तेथे एवढेच पाहावे, की मंदातल्या मंद श्वासाला खालची छिद्रे बोलतात का आणि कळ दाबताच आवाज दुबळा पडतो का. हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाने आणखी एक पाहावे : कळीने रिषभाचा कोमल गंधार होतो तो उडीने, मींडेने नव्हे, तेव्हा पत्ती केवळ श्वासाने किती वाकते, हे त्याने स्वरागणिक तपासून घ्यावे.