सांगणं हे कर्तव्य, पण कुठपर्यंत?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने विचारलं होतं, "सर, आमच्या शेजारचे ख्रिस्ती काका मला सारखं चर्चला चल म्हणतात. माणूस चांगला आहे. पण श्रद्धा आपापल्या घरात ठेवावी की!" त्या दिवशी वेळ संपली होती, म्हणून आज त्यावरच बोलतो.

आधी काकांची बाजू. आपल्याकडे ज्याचा त्याचा मार्ग, ज्याचं त्याचं दैवत, हे इतकं अंगवळणी पडलंय की धर्म कुणाला 'सांगायचा' असतो हेच खटकतं. पण 'शुभवर्तमान' या शब्दात वर्तमान आहे, म्हणजे बातमी. ख्रिस्ती माणसाच्या लेखी येशूचं मरण आणि पुनरुत्थान ही त्याची खाजगी साधना नाही, सगळ्यांसाठी घडलेली गोष्ट आहे. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात ती सर्व राष्ट्रांना सांगण्याची आज्ञा आहे. पुढचा पूल वाहून गेलाय हे ज्याला ठाऊक आहे, त्याने गाडीवाल्याला हात दाखवून थांबवायचं नाही का?

माझे एक ख्रिस्ती सहकारी होते. वीस वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये डबा खाल्ला. धर्माबद्दल अवाक्षर नाही. मी ती त्यांची सभ्यता समजत होतो. निवृत्तीच्या दिवशी म्हणाले, "तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली, त्याचं ओझं आहे." मला तेव्हा कळलं, गप्प राहण्याचीही टोचणी असते. असो.

तर कर्तव्य आहे. पण ते कुठे संपतं? कान्टचं सूत्र इथे उपयोगी आहे: जे करणं माझ्या हातात आहे तेच माझं कर्तव्य असू शकतं. सांगणं माझ्या हातात आहे. दुसऱ्याने विश्वास ठेवणं नाही. आणि गंमत बघा, हे कान्टच्या आधी पौलानेच मान्य केलंय! त्याच्या मते विश्वास ही देवाची देणगी. मग मिशनांच्या वार्षिक अहवालांत बाप्तिस्म्यांचे आकडे कशाचा हिशेब देत होते? देणगी देवाची आणि जमाखर्च आपला? माझा आक्षेप आहे तो इथे. आपल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्माच्या प्रचाराचा हक्क आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आपली तत्त्वं सांगणं त्यात येतं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. या निकालावर टीका झालीय आणि ती वाचण्यासारखी आहे, पण सांगणं आणि घडवणं यांतली रेघ मला पटते.

पुरावा आपल्या पनवेलमध्येच उभा आहे. बेथ एल सिनेगॉग, १८४९ सालचं. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणायचो, त्यांच्यात मिशनऱ्यांनी खूप काम केलं. शाळा काढल्या, जुना करार मराठीत दिला. जॉन विल्सन यांनी तर हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. बेने इस्रायलांनी ते सगळं मनापासून घेतलं, आणि ख्रिस्ती होण्याऐवजी ते अधिक जाणते यहुदी झाले! मिशनच्या वहीत हे अपयश ठरलं असेल. मी म्हणतो, कर्तव्य पुरं झालं. दिलेल्या गोष्टीचं काय करायचं हे घेणाऱ्याने ठरवलं.

आता अवघड उदाहरण. नारायण वामन टिळक. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला, बोलला, नव्या कराराची प्रत देऊन निघून गेला. पाठपुरावा नाही, तगादा नाही. यापेक्षा स्वच्छ सांगणं मला माहीत नाही. पण त्याच टिळकांनी फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंच्या संमतीवाचून. पुढे आयुष्यभर ज्यांनी महाराष्ट्राला ख्रिस्त सांगितला, त्यांनी बायकोला विश्वासात न घेताच हे पाऊल उचललं. 'स्मृतिचित्रे' वाचताना मी दर वेळी इथे अडतो. टिळकांविषयी मला आदर आहे, पण हा दोष झाकू नये. भीती होती, विरोध होता, सगळं कबूल. तरी ज्या माणसाचा संसार उलटणार होता, त्याला सांगणं हे पहिलं कर्तव्य नव्हे काय?

टिळकांनी ते फेडलं ते मात्र नंतर, आणि बोलून नव्हे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई परत नांदायला आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊनच. टिळकांनी ते पाळू दिलं. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात सोवळ्याचा स्वयंपाक! पुढे जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे लक्ष्मीबाईंचं त्यांना पटलं. कुणी वादात हरवून नव्हे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि समजा घेतला नसता, तर? टिळकांनी त्यांना तशाच नांदू दिलं असतं असं मला त्या पुस्तकावरून वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

तो तरुण आज आलाय का? हां, मागे बसलाय. तू काकांना एकदा सरळ विचार: "मी चर्चला कधीच आलो नाही, तर चहाला बोलवाल ना?" काय म्हणतात ते मला पुढच्या वेळी सांग.