पगार, पेन्शन आणि ‘द हर्ट लॉकर’

‘द हर्ट लॉकर’ पाहिला असेल तर सुपरमार्केटचा सीन तुम्हांला नक्की आठवत असेल. इराकमधून घरी आलेला सार्जंट विल्यम जेम्स सिरिअलच्या खोक्यांसमोर उभा आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती खोकी. तो बघत राहतो आणि शेवटी हाताला येईल ते एक उचलतो. पुढच्या काही मिनिटांत तो छपराच्या पन्हळीतला पाला काढतो, स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता इराकमधल्या एका स्फोटाची गोष्ट सांगतो, तान्ह्या मुलाशी एकतर्फी गप्पा मारतो. आणि मग थेट पुन्हा इराक, ३६५ दिवसांची नवी ड्यूटी. संपला सिनेमा.

सैन्यात राहायचं की बाहेर पडून साधी नोकरी धरायची, या प्रश्नावर अमेरिकेत कुणीही बोलायला लागलं की हा सीन निघतोच. आमच्या रेकॉर्डिंगमध्येही निघाला. म्हणून तो जरा उलटून बघूया. माझं म्हणणं असं की हा सिनेमा या प्रश्नाचं उत्तर देत नाही, तो प्रश्नच टाळतो. टाळतो मात्र इतक्या सफाईनं की २०१० साली त्याला उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि कॅथरिन बिगेलो दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणारी पहिली बाई ठरली. मिळालं ते योग्यच होतं, हेही सांगून टाकतो. वाळवंटातली ती लांबलचक गोळीबाराची झुंज, त्यातली तहान, डोळ्यांच्या पापणीवर बसणारी माशी, असं काम फार थोड्यांना जमतं.

पण सिनेमा सुरू होतो तोच युद्धाला नशेची उपमा देणाऱ्या वाक्यानं. पत्रकार क्रिस हेजेस यांचं वाक्य. पुढचे दोन तास जेम्स हा त्या वाक्याचा पुरावा. त्याच्या निर्णयाभोवती बाकी जे जे असायला हवं ते सगळं टेबलावरून आधीच उचलून ठेवलेलं आहे. कथा २००४ सालातली. त्या काळात ‘स्टॉप-लॉस’ नावाचा नियम जोरात होता. तुमचा करार संपला तरी लष्कर तुम्हांला थांबवून घेऊ शकत होतं. करार पुन्हा केला तर बोनस मिळायचा, आणि सही युद्धक्षेत्रात बसून केली तर त्या बोनसवर केंद्राचा आयकर नाही. घरच्यांचा आरोग्यविमा लष्कराकडून. सेवेची वर्षं पेन्शनीत मोजली जाणार. यातला एक शब्दही सिनेमात नाही. जेम्सला पगार आहे की नाही हेसुद्धा आपल्याला कळत नाही. उरतं काय, तर एक माणूस आणि त्याची तलफ.

आता तुमच्याकडे बघा. तुमच्यापैकी कितीतरी जण एच-वन-बीवर आहेत, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. नको झालेली नोकरी धरून बसला आहात, कारण कागद मध्येच अडकले तर काय करायचं. तुम्हांला कोणी नोकरीचं व्यसन लागलंय असं म्हणतं का? नाही म्हणत. बिचारा अडकलाय म्हणतात. सैनिक तेच करतो तेव्हा मात्र त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, असं मानायला आपण लगेच तयार होतो.

मला त्या सिनेमातला खरा माणूस वाटतो तो सॅनबॉर्न. शेवटाकडे तो जेम्सला सांगतो की आता पुरे झालं, मला मूल हवंय. बाहेर पडण्याचा निर्णय घेणारा हा एकटा, आणि कॅमेरा त्याच्या मागे घरी जातच नाही. परत जाणाऱ्याला शेवटची चाल दिली, बाहेर पडणाऱ्याला एक संवाद. वास्तवात प्रमाण नेमकं उलटं आहे. जुन्या पेन्शन पद्धतीत अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यांपैकी ढोबळमानाने पाचांतले चार वीस वर्षं पुरी न करताच बाहेर पडायचे, आणि पेन्शन शून्य.

सॅनबॉर्नसारख्यांचं पुढे काय होतं ते बघायचं तर त्या सिनेमापासून साठ-बासष्ट वर्षं मागं जावं लागतं. विल्यम वायलरचा १९४६ चा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’. काळापांढरा, पावणेतीन तासांपेक्षा लांब, आणि नाव ऐकून गोडगोड वाटेल असा. तसा तो नाही. वायलर स्वतः हवाईदलात होता आणि तिथंच त्याच्या एका कानाचं ऐकू येणं गेलं. तीन माणसं एकाच विमानातून एकाच गावी परततात. त्यांतल्या होमरची भूमिका करणारा हॅरॉल्ड रसेल हा नट नव्हताच. सैन्यात प्रशिक्षण देताना स्फोटकांच्या अपघातात त्याचे दोन्ही हात गेले होते. या एका भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाली.

पण आपल्या विषयाचा माणूस म्हणजे फ्रेड. युद्धाआधी औषधांच्या दुकानात सोडा-आइस्क्रीम विकणारा पोरगा. युद्धात तो बॉम्बर विमानावर कॅप्टन झाला. परत आल्यावर कॅप्टनपदाचं बाहेर कोणी काहीच देत नाही. बॉम्ब नेमका टाकता येतो, या कौशल्याला गावात गिऱ्हाईक नाही. शेवटी तो त्याच दुकानात, आठवड्याला साडेबत्तीस डॉलरवर. पूर्वी हाताखाली असलेला पोरगा आता वरचा. हा आकडा सिनेमा आपल्याला ऐकवतो, आणि फ्रेडची बायको तो पुन्हा पुन्हा ऐकवते.

सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे गावात ‘सुभेदार साहेब’ म्हणून मान असलेला माणूस शहरात बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभा राहतो, आणि आपण त्याला न बघता आत जातो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची आठवण अजून जपली जाते. त्या गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात. परत आलेल्यांनी पुढे पोट कसं भरलं, हे मात्र कुठल्याच दगडावर कोरलेलं नसतं.

वायलरचा दुसरा माणूस अल. हा बँकवाला, याची नोकरी शाबूत, उलट बढती. १९४४ च्या जीआय बिलाखाली परतलेल्या सैनिकांना कर्ज द्यायचं काम त्याच्याकडे. एक शेतकरी येतो, जमीन घ्यायची आहे, तारण काही नाही. अल कर्ज देतो, साहेब नाराज. केवढा छोटा प्रसंग! पण सैन्य सोडून आलेल्या माणसाचं नशीब त्याच्या मनात जेवढं ठरतं तेवढंच बँकेच्या टेबलापलीकडेही ठरतं, हे त्यात आलंय. इथं वायलरचीही एक चूक धरायलाच हवी. त्याच बिलाखालची कर्जं कृष्णवर्णीय सैनिकांना प्रत्यक्षात सर्रास नाकारली गेली, आणि सिनेमात ते सैनिक जवळजवळ दिसतच नाहीत. फ्रेडच्या बायकोवरही अन्याय आहे. पगार विचारणारी बाई म्हणजे उथळ, असा सरळ हिशोब.

तरीही शेवटाकडचा एक सीन ‘द हर्ट लॉकर’शेजारी ठेवून बघाच. मोडीत निघालेल्या विमानांचं मैदान. फ्रेड एका बॉम्बरच्या नाकात चढून बसतो आणि सगळं जुनं त्याच्या अंगावर येतं. घामाघूम. ही तीच जागा आहे जिथे जेम्स पोचला होता. पण इथं खालून एक मुकादम ओरडतो, कोण आहे रे वर? विमानं तोडून त्या मालाची तयार घरं बनवायची आहेत. फ्रेड काम मागतो. येतं काय तुला? तर काही नाही, पण शिकता येतं, सैन्यात तेच तर केलं. मिळतं काम. वायलरनं नशा नाकारलेली नाही, फक्त तिच्या शेजारी एक मुकादम उभा केला.

अर्थात फ्रेडपुढे राहायचं की जायचं हा पर्यायच नव्हता. युद्ध संपलं, सगळे घरी. १९७३ पासून अमेरिकेत सक्तीची भरती नाही, तेव्हापासून हा निर्णय दर काही वर्षांनी कागदावर करावा लागतो. २००८ चा ‘स्टॉप-लॉस’ हा सिनेमा निदान करार नावाची गोष्ट असते एवढं दाखवतो. नंतर मात्र तो पळापळीत हरवतो आणि नायक शेवटी निमूट परत जातो. फार काही गमावत नाही तुम्ही, नाही पाहिलात तरी चालेल.

माझी एक मैत्रीण अमेरिकी लष्करात आहे. अकरा वर्षं झाली. २०१८ साली तिला निवड होती. एक तर जुनी पेन्शन: वीस वर्षं पुरी केली तर मूळ पगाराच्या निम्मी, एक वर्ष कमी पडलं तर काही नाही. नाहीतर नवी मिश्र पद्धत: वीस वर्षांनंतर चाळीस टक्के, पण बचत खात्यात सरकारची भर, आणि मध्येच सोडलं तरी ती आपली. तिनं जुनी धरली. आता शिक्षणाचा लाभ मुलीच्या नावे करायचा तर आणखी चार वर्षांची सही. तिची आई नाशिकहून फोनवर म्हणते, “नऊच राहिली ना गं, मग कशाला सोडतेस?” वडील म्हणतात सोड. तिला स्वतःला काम आवडतं, आणि मुलीपासून लांब राहणं आवडत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असतात.

‘द हर्ट लॉकर’ तिनं दोनदा पाहिलाय. जेम्सबद्दल तिला फारसं काही बोलायचं नसतं. सॅनबॉर्ननं सही केली की नाही, एवढंच विचारते.