हागारेची विहीर

सणासुदीला दुःखाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण हिब्रू धर्मग्रंथातील हागारेची कथा मी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि दर वेळी माझ्यातला लेखक खजील होतो.

हागार मिसर देशची. अब्राहामाची पत्नी सारा हिची दासी. सारेला मूल नव्हते, म्हणून तिनेच हागारेला नवऱ्याच्या हवाली केले. पुढे हागारेला दिवस गेले, दोघींत बिनसले, जाच सुरू झाला, आणि ती रानात पळाली. 'उत्पत्ती'च्या सोळाव्या अध्यायातील संभाषणे पाहा. नवराबायको तिच्याविषयी बोलतात ते दासी म्हणून. नाव कोणाच्याच तोंडी नाही. तिला नावाने पहिली हाक मारतो तो झऱ्याकाठी भेटलेला देवदूत. कोठून आलीस, कोठे निघालीस, हेही तो विचारतो. मग तीही देवाला नाव देते, पाहणारा म्हणून. होणाऱ्या मुलाचे नाव ठरते इश्माएल. त्याचा अर्थ 'देव ऐकतो'.

एक सल मात्र लपवीत नाही. तोच देवदूत तिला मालकिणीच्या धाकात परत पाठवतो. पुढे एकविसाव्या अध्यायात तिला मुलासह घराबाहेर काढतात, त्यालाही देवाची संमती असते. ही कसली करुणा? खुलासे पुष्कळ करता येतील. माझे समाधान होत नाही. पण कथाकाराने हे झाकले नाही, म्हणूनच त्याच्या पुढच्या शब्दावर माझा विश्वास बसतो.

बैर-शेबाच्या रानात पाणी संपते. मुलाला झुडपाखाली ठेवून आई बाणाच्या टप्प्याइतकी दूर बसते. त्याचे मरण तिला बघवणार नसते. हे अंतर ज्याला सुचले तो लेखक थोर! रडताना दिसते ती आई. देव ऐकतो तो मुलाचा आवाज. या प्रसंगात इश्माएल हे नाव एकदाही येत नाही, त्याचा अर्थ तेवढा खरा होतो. आणि चमत्कार तरी केवढा? नवी विहीर फुटली असे ग्रंथ म्हणत नाही. फक्त हागारेची दृष्टी उघडते.

पंडिता रमाबाईंनी केडगावी निराधार स्त्रियांना आसरा दिला, आणि हिब्रू व ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. असल्या बायकांमध्ये राहून ही कथा मराठीत उतरवताना त्यांना काय वाटले असेल!

माझ्या पहिल्या कादंबरीत एक धुणेवाली आहे. ती पुष्कळ पानांत वावरते. तिला नाव द्यायचे मला सुचले नव्हते. हागार भेटली ती पुस्तक छापून झाल्यावर.