किटली कोण जपणार? : यॉर्कचे दोन संग्रह आणि आकाराची निवड

मराठीत मातीच्या भांड्यांना नावांची वाण नाही. रांजण, डेरा, घागर, माठ, गाडगे, बोळके, सुगड, परळ, तवली, सुरई. यातले प्रत्येक नाव एका आकाराचे आहे आणि प्रत्येक आकार एका कामाचा आहे. परळात कोणी पिण्याचे पाणी साठवत नाही आणि रांजणात कोणी दही लावत नाही. मात्र भांडे घडवणाऱ्या कुंभाराचे नाव यातल्या एकाही शब्दाला चिकटलेले नाही. विसाव्या शतकात स्टुडिओ पॉटरी या नावाने जो कलाप्रकार उभा राहिला, त्यात हा क्रम नेमका उलटला. एकाच माणसाने आकार ठरवायचा, चाकावर घडवायचा, झिलई द्यायची, भट्टी लावायची आणि बुडाशी आपला शिक्का उमटवायचा. साहजिकच संग्राहक प्रथम शिक्का पाहू लागला. आकाराचा विचार मागे पडला.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. संग्रहालय कोणता आकार जपते यावरून पुढच्या पिढीला त्या कलेचा इतिहास कसा दिसेल हे ठरते. कोणता आकार विकला जातो आणि मांडला जातो यावरून आज चाकावर बसलेला कुंभार काय घडवील हेही बऱ्याच अंशी ठरते. म्हणून संग्रहासाठी आणि मांडणीसाठी आकार कसे निवडावेत, याची चिकित्सा व्हायला हवी. तिच्यासाठी इंग्लंडमधल्या यॉर्क शहराइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. परस्परविरुद्ध वृत्तीच्या दोन माणसांचे संग्रह तिथे एकाच छताखाली आले आहेत.

पहिला संग्रह एरिक मिलनर-व्हाइट यांचा. 1941 पासून 1963 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते यॉर्कच्या प्रसिद्ध कॅथीड्रलचे डीन होते. त्यांच्या संग्रहाचा कणा म्हणजे विल्यम स्टेट मरे, बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा यांची स्टोनवेअर भांडी. त्यांतही मरेवर त्यांचा विशेष लोभ होता. मरे हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये पॉटरी विभागाचा प्रमुख होता. तो आपली भांडी बेन निकोल्सनसारख्या आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने मांडत असे, त्यांना चित्रांसारखी शीर्षके देत असे आणि किंमतही चित्रांच्या तोडीची लावत असे. त्याचे गाजलेले आकार म्हणजे उंच, अरुंद बुडाचे, खांद्याकडे फुगत गेलेले घट. त्यांत काय ठेवायचे हा प्रश्न त्याला गैरलागू वाटत होता. मिलनर-व्हाइट यांनी ती भूमिका स्वीकारली. निवडक, श्रेष्ठ, एकेक पाहण्याजोगे तेवढेच घ्यायचे ही त्यांची रीत होती.

दुसरा संग्रह डब्ल्यू. ए. इस्मे यांचा. 1910 मध्ये वेकफील्ड येथे जन्मलेला हा माणूस पेशाने ग्रंथपाल. 1955 मध्ये त्यांनी भांडी विकत घ्यायला सुरुवात केली आणि 2001 मध्ये मृत्यू होईपर्यंत पाचशेहून अधिक कुंभारांची 3,600 हून अधिक भांडी जमवली. पगार ग्रंथपालाचा आणि घर एका ओळीत बांधलेल्या साध्या घरांपैकी एक. शेल्फ, टेबल, फरशी, सगळीकडे भांडी. त्यांत नामवंतांच्या भांड्यांबरोबर फारसे कुणाला ठाऊक नसलेल्या कुंभारांचीही होती. या संग्रहावर झालेल्या एका प्रदर्शनाला ‘द यॉर्कशायर टी सेरिमनी’ असे नाव देण्यात आले होते. त्या घरातले पेले पिण्यासाठी होते, हे त्या नावावरूनच कळते. इस्मे यांनी संग्रह सार्वजनिक संग्रहालयाला दिला आणि 2015 मध्ये यॉर्क आर्ट गॅलरी नूतनीकरणानंतर उघडली, तेव्हा तिथल्या नव्या सिरॅमिक केंद्राचा तो आधार ठरला.

या दोघांत रसिक कोण आणि साठेबाज कोण, असा सोपा निवाडा करण्याचा मोह होतो. पण मुळात त्यांच्या निवडीचे एकक वेगळे होते. मिलनर-व्हाइट एक भांडे निवडत होते. इस्मे भांड्यांमधले नाते निवडत होते : एकाच हाताचा मग, वाडगा आणि बरणी यांच्यातले नाते, किंवा एकाच आकाराशी दहा हातांनी घातलेल्या झटापटीतले नाते. ग्रंथपालाची सवय इथे दिसते. एखाद्या विषयावरचा एकच उत्तम ग्रंथ ठेवून ग्रंथालय होत नाही.

आता या दोन वृत्ती काचेच्या कपाटात गेल्यावर काय होते ते पाहू. कपाट तटस्थ नसते. ते उभ्या, बंद तोंडाच्या आणि लांबून ओळखू येणाऱ्या आकाराला झुकते माप देते. फुलदाणी किंवा घट कपाटात जवळजवळ पूर्ण दिसतो. वाडग्याचे तसे होत नाही. वाडग्याचे मर्म आतल्या खोलगटीत असते. झिलई तळाशी कशी साचली, चाकावर बोटांनी काढलेला वळसा कुठे थांबला, हे वरून पाहिल्यावरच कळते. डोळ्यांच्या रेषेत ठेवलेल्या वाडग्याची फक्त बाहेरची कड दिसते. जपानी चहाविधीत पाहुणा चहा पिऊन झाल्यावर वाडगा हातात फिरवून न्याहाळतो आणि बुडाखालचे कडेही पाहतो, कारण तिथे झिलई संपते आणि उघडी माती दिसते. कपाटातल्या वाडग्याचे बूड प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. ल्यूसी री हिचा शिक्काही तिथेच असतो.

सर्वांत मोठा अन्याय किटलीवर होतो. कुंभाराच्या दृष्टीने चहाची किटली ही अवघड परीक्षा असते. पोट, तोटी, कान, झाकण आणि आतली जाळी, हे सगळे वेगवेगळे घडवून ओल्या मातीत जोडायचे असते आणि वाळताना ते एकाच वेगाने आकसले पाहिजे. तोटीचे टोक काठाच्या उंचीला पोचले नाही तर किटली पूर्ण भरताच येत नाही. ओतताना झाकण पडता कामा नये, ओतून झाल्यावर शेवटचा थेंब तोटीवरून ओघळता कामा नये आणि भरलेल्या किटलीचा भार मनगटाला पेलला पाहिजे. यातली एकही गोष्ट काचेतून दिसत नाही. तिथे उरते ती किटलीची बाह्याकृती, आणि तेवढ्यावर तिची तुलना मरेच्या घटाशी केली तर ती हरणारच. त्या तुलनेची कसोटीच घटाच्या सोयीची आहे.

यॉर्कच्या नव्या केंद्राचे उद्घाटन ज्या मांडणीने झाले, तिच्यातही ही अडचण दिसते. क्लेअर टुमी हिच्या ‘मॅनिफेस्ट : 10,000 अवर्स’ या कलाकृतीत साच्यातून काढलेले दहा हजार वाडगे एकावर एक रचले होते. कौशल्य कमवायला किती तास घालवावे लागतात, हा तिचा विषय. श्रमाचे परिमाण डोळ्यांपुढे उभे करण्यात ती यशस्वी झाली यात शंका नाही. पण त्या रचनेत वाडगा विटेसारखा वापरला गेला. त्याच्या आत पाहण्याचे कारणच उरले नाही. ज्या इमारतीत इस्मे यांचे वाडगे आहेत, तिथे स्वागताला वाडग्याची अशी योजना व्हावी, हे मला विसंगत वाटते.

आकार एका संदर्भातून दुसऱ्यात नेला की काय घडते, याचे आणखी खोल उदाहरण आफ्रिकेत आहे. लीचचा शिष्य मायकेल कार्ड्यू याने 1950 च्या दशकाच्या आरंभी नायजेरियातल्या तेव्हाच्या अबुजा येथे, म्हणजे आजच्या सुलेजा येथे, पॉटरीचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. 1954 मध्ये लाडी क्वाली तिथे आली. गवारी समाजातल्या बायका चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून पाण्याचे मोठे गोल घट घडवत. त्या कामात ती आधीच निष्णात होती. केंद्रात तिने तोच घट, त्यावरच्या सरड्यांसह इतर कोरीव आकृत्यांसकट, स्टोनवेअरमध्ये आणि झिलई चढवून घडवला. हे घट जगभर वाखाणले गेले आणि पुढे नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर तिची प्रतिमा आली.

माठ वापरणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला इथे एक गोष्ट चटकन कळेल. माठातले पाणी गार होते, कारण ते छिद्रांतून झिरपून बाहेर वाळते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. उंच तापमानाला भाजलेल्या आणि झिलई दिलेल्या घटातून पाणी झिरपत नाही. म्हणजे आकार तोच राहिला आणि काम गेले. लाडी क्वालीचे श्रेष्ठत्व याने उणावत नाही. मात्र तिचा झिलईदार घट एकटा मांडला तर प्रेक्षक त्याला पाण्याचा घट समजून पुढे जातो, आणि एका रूपांतराची मोठी कहाणी त्याला दिसतच नाही. शेजारी साधा, सच्छिद्र, वापरलेला गवारी घट ठेवला तरच तिने काय केले आणि काय सोडले, हे समजते.

याचा अर्थ उपयुक्त तेवढेच खरे, असा घेऊ नये. हान्स कोपर याचे उदाहरण त्याला आड येते. कोपरने आयुष्यभर मोजक्याच आकारांचा ध्यास घेतला. फावड्यासारखे चपटे पात्र, बैठकीवर तोललेला पेला, टोकदार बुडावर उभे असलेले ग्रीक वळणाचे घट. चाकावर वेगवेगळे भाग काढून तो ते जोडत असे. या भांड्यांना काचेचे कपाट बाधत नाही. ती डोळ्यांसाठी आणि भोवतालच्या अवकाशासाठी घडवली आहेत, आणि एकाच आकाराची पाच रूपे शेजारी ठेवली तर त्याचा विचार पायरीपायरीने उलगडतो. म्हणून माझी कसोटी उपयुक्ततेची नाही. त्या आकाराला जो प्रश्न विचारायचा, तो या मांडणीत विचारता येतो का, एवढेच पाहावे. कोपरला विचारता येतो. किटलीला बहुतेक ठिकाणी विचारता येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन टोके दिसतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी पॉटरी झाली, तिचे नमुने भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहता येतात. अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेल्या आकृत्या तिच्यावर आहेत. रंग सुरेख, रेषा सफाईदार. पण घट आणि थाळी हे आकार तिथे मुख्यतः चित्रासाठी पृष्ठभाग म्हणून आले आहेत. प्रदर्शनासाठी घडलेली ती भांडी होती आणि ती तशीच जपली गेली.

दुसरे टोक पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी दिवे जमवले, अडकित्ते जमवले, भांडी जमवली. घडवणाऱ्याचे नाव बहुतेक वेळा अज्ञात. एक अडकित्ता पाहून कुतूहल वाटते. अनेक अडकित्ते शेजारी शेजारी पाहिले की सुपारी कातरण्याच्या एका कामाला माणसाने किती परींनी आकार दिला, हे कळू लागते. केळकरांची ही पद्धत इस्मे यांच्या जवळची आहे. स्टुडिओ पॉटरीच्या संग्रहाला आपल्याकडे कुठला नमुना हवा असेल, तर तो पुण्यात आधीपासून आहे.

आज याची निकड वाढली आहे. 1971 मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून कुंभारांच्या पिढ्या घडल्या. जर्मनी आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या निर्मला पटवर्धन यांनी झिलईचे ज्ञान पुस्तकरूपाने सर्वांसाठी खुले केले. 2018 मध्ये जयपूरला भारतातले पहिले सिरॅमिक्स ट्रायेनाले भरले आणि मातीचे काम मोठ्या मांडणशिल्पांच्या रूपात मानाने समोर आले. त्याचा आनंदच आहे. पण तेच कलावंत पोट भरण्यासाठी जे मग, वाडगे आणि किटल्या घडवतात, त्या आज जपल्या नाहीत तर पन्नास वर्षांनी या काळाचा इतिहास फक्त शिल्पांचा उरेल. कपबश्या फुटतात. हाताळली जाणारी वस्तू आधी नाहीशी होते, म्हणून जपण्याची गरज तिलाच अधिक असते.

तेव्हा संग्राहकाने, मग तो संग्रहालयाचा अभिरक्षक असो वा घरात एक फडताळ असलेला वाचक, निवड नावापासून न करता आकारापासून करावी. एक आकार धरावा, वाडगा म्हणा वा झाकणाची बरणी, आणि त्याच्यावर वेगवेगळ्या हातांनी केलेले काम जमवावे. एखाद्या कुंभाराचे प्रदर्शनातले भांडे घेतले, तर त्याच्या रोजच्या विक्रीतलेही एक घ्यावे. खोलगट भांडी कमरेच्या उंचीला ठेवावीत, निदान एखादे उलटे ठेवून बूड दाखवावे. संग्रहालयाने दुय्यम प्रतीची काही भांडी तरी हाताळायला खुली करावीत, आणि किटली ओतताना दाखवणारी चित्रफीत तिच्या शेजारी लावावी. ती लावायला फार पैसे पडत नाहीत. घरातल्या संग्राहकाचे काम तर त्याहून सोपे आहे. त्याने रोज सकाळी चहा त्याच किटलीत करावा.