अद्भुतकथेचा कादंबरी-विस्तार

एखाद्या लहान अद्भुतकथेचे बीज घेऊन त्यावर दीर्घ गद्यकथा रचण्याची रीत. भारतीय वाङ्मयात ही रीत जुनी असून मराठीत रूढ झालेली ‘कादंबरी’ ही संज्ञाच मुळी अशा विस्तारातून जन्मलेल्या ग्रंथाचे नाव आहे. प्रतिष्ठानच्या (पैठण) सातवाहन दरबाराशी परंपरेने जोडलेल्या गुणाढ्याची पैशाची भाषेतील बृहत्कथा आज उपलब्ध नाही. तथापि तीवर आधारलेल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) राजा सुमनस् आणि त्याच्यापुढे आणलेला बोलका पोपट यांची एक छोटी कथा येते. हर्षकालीन (६०६–६४७) बाणभट्टाने कादंबरीसाठी बृहत्कथेतील हीच कथा घेतली, असे सामान्यतः मानतात. सोमदेव बाणाच्या सुमारे चार शतके नंतरचा. त्यामुळे बाणापुढे असलेल्या कथेचे रूप अनुमानानेच ठरवावे लागते.

सोमदेवाच्या कथेत घटना भराभर घडतात. राजपुत्र सोमप्रभ किन्नरांच्या मागे जातो, सरोवराकाठी त्याला मनोरथप्रभा भेटते, तिची सखी मकरंदिका त्याच्यावर अनुरक्त होते, शाप लागतो, जन्म पालटतात. बाणाने यात नव्या घटना फारशा घातल्या नाहीत. त्याने विस्तारला तो काळ, आणि त्यातही प्रतीक्षेचा काळ. मनोरथप्रभा आपली हकीकत थोडक्यात सांगते. तिच्या जागी आलेली महाश्वेता मात्र मृत पुंडरीकाच्या पुनर्भेटीच्या आशेवर तप करीत राहते आणि तिचे दुःख ग्रंथाचे केंद्र बनते. दुसरा बदल रचनेचा. सोमदेवाकडे पोपट हा मकरंदिकेचा पिता, व कथा ऐकणारा राजा म्हणजे मनोरथप्रभेचा प्रियकर. बाणाच्या ग्रंथात पोपट हा नायकाचा मित्र वैशंपायन, आणि ऐकणारा शूद्रक हा स्वतः नायक चंद्रापीड. राजा आपलीच विसरलेली गोष्ट परक्याची म्हणून ऐकतो. ही उकल बाणाच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्राने पुऱ्या केलेल्या उत्तरार्धात होत असली, तरी तिची बांधणी पूर्वार्धातच झालेली आहे.

बाणाच्या या यशाची छाया पुढील गद्यकाव्यावर शतकानुशतके राहिली. तिचे एक ठळक उदाहरण ठाण्याचे आहे. लाट देशातील वालभ कायस्थ सोड्ढल हा अकराव्या शतकात उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या स्थानक (आजचे ठाणे) येथील दरबारात होता. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणी या तिघा भावांचा आश्रय त्याला लाभला. त्याची उदयसुंदरीकथा ही आठ उच्छ्वासांची चंपूरचना. प्रतिष्ठानचा राजा मलयवाहन व नागकन्या उदयसुंदरी यांची प्रेमकथा तीत आहे. बाणाला सोड्ढल कविचक्रवर्ती मानतो, आणि हर्षचरिताप्रमाणे स्वतःचा वंशवृत्तान्तही सांगतो. नेमका हाच भाग इतिहासकारांना मोलाचा ठरला. १९२० मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत संहिता प्रसिद्ध झाल्यावर तिचा उपयोग शिलाहारांच्या कालनिर्णयासाठी झाला. कथा म्हणून ती मागेच राहिली.

हा निवाडा कठोर आहे, पण सर्वस्वी अन्यायाचा नाही. सोड्ढलाने बाणाची शैली उचलली, युक्ती नव्हे. राजा, नगर, ऋतू, अरण्य यांची वर्णने एकामागून एक येतात व कथा त्यांच्यापुढे खोळंबते. महाश्वेतेसारखी, जिच्यासाठी वाचकाने थांबावे अशी व्यक्ती तीत नाही. कल्याणजवळील अंबरनाथचे शिवमंदिर (शके ९८२, इ. स. १०६०) त्याच मुम्मुणीच्या कारकीर्दीतले. त्याच्या भूमिज शिखरावर लहान शिखरांच्या प्रतिकृतींच्या रांगा रचून मोठा आकार साधला होता. शिखराचा बराच भाग आज ढासळला असला, तरी ती पद्धत ओळखू येते. दगडात अशी पुनरावृत्ती शोभते, कारण संपूर्ण आकार एकाच दृष्टिक्षेपात भरतो. गद्यात ती पानापानाने सोसावी लागते. सोड्ढलाच्या स्वतःविषयीच्या मजकुरात मात्र आश्रयासाठी फिरणाऱ्या कवीचा जिवंत स्वर आहे, आणि तेवढ्यापुरता तो कोणाचाही अनुकारक वाटत नाही.

मराठीत लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) या प्रारंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत वियोग व पुनर्मीलन यांची जुनी चौकट टिकून आहे. लांबी वाढविण्याच्या बाबतीत मात्र त्या बाणापेक्षा सोड्ढलाच्याच वाटेने गेल्या.