जुन्या भिंती आणि नवे रहिवासी : व्हिएन्नाचे गॅसोमीटर व मुंबईचे गिरणगाव

प्रस्तावना :
औद्योगिक वास्तूंचे निवासी रूपांतर हा शाश्वत विकासाच्या चर्चेतील एक महत्त्वाचा विषय होय. कारखाना बंद पडला तरी त्याची वास्तू उभी असते. तिच्या विटा भाजण्यासाठी व लोखंड घडविण्यासाठी खर्च झालेली ऊर्जा तिच्यात अंतर्भूत असते. वास्तू पाडली की ती वाया जाते आणि नव्या बांधकामासाठी पुन्हा ऊर्जा खर्ची पडते. मात्र केवळ ऊर्जेच्या हिशेबावर अशा रूपांतराचे मूल्यमापन करता येईल काय, हा येथे विचारणीय प्रश्न आहे.

गॅसोमीटरचे रूपांतर :
व्हिएन्नाच्या सिमरिंग भागात १८९६ ते १८९९ या काळात ज्वलनशील वायू साठविण्यासाठी चार प्रचंड वर्तुळाकार वास्तू बांधण्यात आल्या. त्यांचा वापर १९८४ मध्ये थांबला. पुढे जाँ नूव्हेल, कोऑप हिमेलब्लाऊ, मानफ्रेड वेडोर्न आणि विल्हेल्म होल्झबाउअर या वास्तुरचनाकारांनी प्रत्येकी एका वास्तूचे रूपांतर केले. २००१ पर्यंत तेथे सुमारे सहाशे घरे, विद्यार्थी वसतिगृह व दुकाने आली.

या प्रकल्पाची स्तुती पुष्कळ झाली. परंतु ती तपासून घेणे आवश्यक आहे. टिकले ते विटांचे बाह्य कवच. आतील सर्व बांधकाम नवे आहे. हिमेलब्लाऊ यांनी तर बाहेरून एक नवी उंच इमारतच जोडली. म्हणजे ऊर्जेची बचत कवचापुरतीच मर्यादित राहिली. दुकानांचा व्यवसायही अपेक्षेप्रमाणे चालला नाही. तरीही वसाहत टिकली. तिला शासकीय गृहसाहाय्याचा आधार होता आणि डिसेंबर २००० मध्ये भुयारी रेल्वे तेथपर्यंत पोहोचली होती. या यशाचे श्रेय शिल्पापेक्षा सार्वजनिक धोरणाला अधिक जाते.

गिरणगावचा अनुभव :
हाच निकष मुंबईला लावला असता चित्र उलटे दिसते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले : महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, म्हाडास घरांसाठी आणि मालकास. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली. बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन तीतून वगळली गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

येथील विसंगती लक्षणीय आहे. जुन्या वास्तूमुळे सार्वजनिक वाटा घटला. परंतु ती वास्तू जतन करण्याचे बंधन या वाटणीतून आले नाही. भिंतीही गेल्या आणि जमीनही. २०१२ मध्ये सोडतीद्वारे काही गिरणी कामगारांना घरे मिळाली, ती नव्या उंच इमारतींत. काही ठिकाणी चिमणी तेवढी उरली. तिच्या पायथ्याशी मात्र कामगारांच्या जागी कार्यालये आणि बाजार आले.

समारोप :
प्रत्येक गिरणीत घरे झाली असती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दातेरी छपराच्या एकमजली विणकाम शाळेचे घरात रूपांतर करणे सोपे नाही. तथापि बहुमजली इमारतींचा तरी गांभीर्याने विचार होणे शक्य होते. भिंत वाचवून रहिवासी बदलणारे रूपांतर अपुरे असते. भिंत आणि रहिवासी दोन्ही गमावणाऱ्या विकासास तर शाश्वत म्हणताच येणार नाही. 'किती ऊर्जा वाचली?' या प्रश्नाला 'येथे कोण राहणार?' या प्रश्नाची जोड दिल्याशिवाय हे मूल्यमापन पूर्ण होत नाही.